बाबांच्या मृत्यूबद्दल स्मरणिकेत काय लिहू?

प्रश्न : माझे बाबा एका लहान गावातील प्रोटेस्टंट मंडळीचे (चर्चचे) पाळक, म्हणजे धर्मगुरू होते. वयाच्या 49व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. त्याआधी तीन आठवडे त्यांच्या छातीत दुखत होते, जिना चढताना दम लागत होता. आई रोज डॉक्टरांकडे चला म्हणत होती आणि ते रोज सांगत होते, की दुःखसप्ताह आणि पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) एकदा पार पडू दे. रविवारची पहाटेची उपासना त्यांनी घेतली आणि सोमवारी पहाटे ते गेले. आता मंडळी त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनी स्मरणिका काढत आहे आणि त्यांचे चरित्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांची सूचना अशी, की मृत्यूबद्दल ‘प्रभूने आपल्या विश्वासू सेवकाला बोलावून घेतले’ एवढेच लिहावे. जास्त लिहिले, तर मंडळीला दोष दिल्यासारखे होईल आणि लोकांचा विश्वासही डळमळेल. आई म्हणते, जे झाले ते लिही. मला मात्र लिहायला बसले की राग येतो. मंडळीने बाबांना कधी एक दिवस मोकळा दिला नाही आणि ते गेल्यावर चार महिन्यांत आम्हाला पाळकांचे घर सोडायला सांगितले. अशा मनःस्थितीत मी त्यांचे जीवन आणि त्यांचा मृत्यू कसा लिहावा?

उत्तर :

प्रिय भगिनी, सप्रेम सलाम.

तुमच्या बाबांचा मृत्यू जसा झाला तसाच लिहा. त्यांचे वय, तीन आठवड्यांचे दुखणे, डॉक्टरांकडे जाणे पुढे ढकलण्याचे त्यांनी दिलेले कारण, शेवटची उपासना आणि सोमवारची पहाट हे सारे चार-पाच वाक्यांत, विशेषणे न लावता मांडता येईल आणि तेवढेच मांडावे. पंचांनी सुचवलेले वाक्यही त्यांच्या शेजारी राहू द्या, कारण तुमच्या बाबांचाही त्या वाक्यावर विश्वास होता आणि असंख्य घरांतील मृत्यूंच्या वेळी त्यांनी स्वतः ते उच्चारले असेल. मात्र त्या वाक्याने बाकीच्या वाक्यांची जागा घेता कामा नये. प्रभूने बोलावले असे मानणारा माणूस हृदयविकाराने गेला हेही सांगू शकतो. या दोन्हींत विरोध आहे असे ख्रिस्ती परंपरेने कधी मानलेले नाही.

विश्वास डळमळेल ही पंचांची भीती मी हलक्यात घेत नाही, कारण पाळकाचा अकाली मृत्यू लहान मंडळीला खरोखर हादरवून जातो. ज्याने इतरांच्या अंत्यविधीत धीर दिला, तोच गेल्यावर धीर देणारे कोणी उरत नाही, आणि अशा वेळी लोक सर्वांत सुरक्षित वाक्याचा आधार घेतात. पण ज्या शास्त्राच्या आधारावर मंडळी उभी आहे ते शास्त्र सेवकांची दुखणी लपवत नाही. बायबलमधील फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल आपला सहकारी एपफ्रदीत याच्याबद्दल सांगतो, की तो आजारी पडून अगदी मरणाला टेकला होता आणि ख्रिस्ताच्या कार्यासाठी त्याने आपला जीव धोक्यात घातला होता; तो गेला असता, तर आपल्यावर दुःखावर दुःख आले असते, असेही पौल मोकळेपणाने कबूल करतो. ‘मरणे हे लाभ आहे’ असे त्याच पत्रात लिहिणारा पौल सहकाऱ्याच्या मरणाच्या नुसत्या शक्यतेने व्याकूळ होतो, आणि ती व्याकुळता मंडळीत मोठ्याने वाचली जाणाऱ्या पत्रात ठेवतो. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात, विश्वासासाठी दगडमार होऊन मेलेल्या स्तेफनाला पुरणाऱ्या भक्तिमान माणसांनी त्याच्यासाठी फार शोक केला, असे लिहिलेले आहे. तो स्वर्ग उघडलेला पाहून गेला होता, तरीही त्यांनी शोक केला. पंचांशी बोलताना या दोन वचनांपासून सुरुवात केलीत, तर तुमचे म्हणणे त्यांना आपल्याच भाषेतले वाटेल.

प्रोटेस्टंट चरित्रलेखनातही याचा एक भक्कम दाखला आहे, आणि तुमच्या प्रश्नाशी त्याचे इतके जवळचे नाते आहे, की तो मी जरा सविस्तर सांगते. अठराव्या शतकात अमेरिकेतील नॉर्दॅम्प्टन या लहान गावात जोनाथन एडवर्ड्स पाळक होते. मूळ अमेरिकनांमध्ये सेवा करणारे तरुण मिशनरी डेव्हिड ब्रेनर्ड क्षयाने खंगून त्यांच्या घरी आले आणि 9 ऑक्टोबर 1747 रोजी, वयाच्या अवघ्या 29व्या वर्षी, त्याच घरात वारले. त्यांची शुश्रूषा करणारी एडवर्ड्स यांची मुलगी जेरूशा काही महिन्यांतच, 1748च्या फेब्रुवारीत, मरण पावली. एवढे दुःख उशाशी असताना एडवर्ड्स यांनी ब्रेनर्ड यांची रोजनिशी संपादित करून 1749 मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. ब्रेनर्ड यांच्याविषयी त्यांना विलक्षण आदर होता आणि वाचकांनी त्यांचे अनुकरण करावे अशी त्यांची इच्छा होती. तरीही प्रस्तावनेतच त्यांनी ब्रेनर्ड यांच्या दोन उणिवा सांगून टाकल्या. पहिली, ते स्वभावाने खिन्नतेकडे झुकणारे होते. दुसरी, आपल्या शक्तीचे माप न पाहता ते अतिरेकी कष्ट करीत होते. म्हणजे सेवेत झिजून गेलेल्या माणसाचे चरित्र लिहिणाऱ्या पाळकाने त्या झिजण्याला सद्गुणांच्या यादीत घातले नाही, उणिवांच्या यादीत घातले. या प्रांजळपणामुळे पुस्तकाचे काहीही बिघडले नाही. पुढच्या कित्येक पिढ्यांतील मिशनरी आणि पाळक तेच चरित्र वाचून सेवेत उतरले. सत्य सांगितल्याने आदर कमी होतो या समजुतीला याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

दुसऱ्या बाजूनेही सावध राहायला हवे. ‘सेवेच्या वेदीवर प्राण वाहिले’ अशी भाषा स्मरणिकांत सहज येते, आणि तुमच्या रागालाही ती मोहात पाडेल, कारण तिच्यातून बाबा हुतात्मा ठरतात आणि मंडळी आरोपी ठरते. ती टाळा. जर्मनीतील डिकनशीड या खेड्याचे पाळक पाऊल श्नायडर यांना नाझी सत्तेने 1937 मध्ये त्यांच्या प्रांतातून हद्दपार केले. आपल्या मंडळीला सोडून राहायचे नाही, असे ठरवून ते परत आले आणि पुन्हा पकडले गेले. बुखेनवाल्डच्या छळछावणीत त्यांनी स्वस्तिकाच्या झेंड्याला सलामी द्यायला नकार दिला, कोठडीच्या खिडकीतून ते इतर कैद्यांना देवाचे वचन ओरडून सांगत राहिले आणि 18 जुलै 1939 रोजी, 41व्या वर्षी, त्यांना मारण्यात आले. मागे पत्नी मार्गारेट आणि सहा मुले राहिली. तो हुतात्म्याचा मृत्यू होता, कारण समोर मारणारा होता, आणि आपल्यापुढे काय वाढून ठेवले आहे हे जाणून ते परतले होते. तुमच्या बाबांना कोणी मारले नाही. त्यांनी मरण निवडलेही नाही. त्यांनी डॉक्टरांकडे जाण्याची वेळ एका सणापलीकडे ढकलली, आणि कर्त्या माणसांपैकी फार थोड्यांनीच असे कधी केले नसेल. हे साधेपण तसेच राहू द्या. वाचणाऱ्यांपैकी एखादा, ज्याच्याही छातीत गेले काही दिवस दुखते आहे, तो हुतात्म्याच्या कथेने थक्क होईल, पण साधी कथा वाचून कदाचित तपासणी करून घेईल.

मृत्यूविषयी एवढे पुरे. तुमच्या पत्रात एक गोष्ट मला खटकली, ती सांगते. बाबांच्या शेवटच्या तीन आठवड्यांबद्दल तुम्ही पुष्कळ लिहिले आहे आणि त्यांच्या आधीच्या वर्षांबद्दल जवळजवळ काहीच लिहिलेले नाही. अकाली मृत्यू असाच सारे जीवन गिळून टाकतो. चरित्रात तसे होऊ देऊ नका. वीस पाने मिळाली, तर मृत्यूला एक द्या आणि उरलेल्या पानांत बाबा जिवंत असू द्या.

लहान गावातील पाळकाचे काम बाहेरून पाहणाऱ्याला रविवारच्या प्रवचनाएवढेच दिसते. प्रत्यक्षात प्रवचन हा त्या कामाचा फक्त दिसणारा भाग असतो. त्यामागे आजाऱ्यांच्या भेटी, बाप्तिस्म्याची आणि दृढीकरणाची तयारी, लग्नाआधीची समजूत, भावाभावांच्या वाटणीतील मध्यस्थी, गळणारे छप्पर, अपुरी वर्गणी, कोणाच्या नोकरीसाठी लिहिलेले शिफारसपत्र आणि मध्यरात्री दारावर पडणारी थाप असे बरेच काही असते. शहरात मोठ्या मंडळीला दोन-तीन पाळक असतात. लहान गावात एकटाच माणूस सकाळी दफनविधी करतो, दुपारी मुलांना शिकवतो आणि संध्याकाळी लग्नाचे आशीर्वचन देतो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा चेहरा त्या प्रसंगाला साजेसा असावा अशी सर्वांची अपेक्षा असते. स्वतःचे मन मोकळे करायला मात्र त्याला गावात कोणी नसते, कारण ज्याच्याजवळ मन मोकळे करावे तो प्रत्येक जण त्याच्या मंडळीचाच असतो. बाबांचे हे दिवस कसे जात होते, हे चरित्रात आले पाहिजे. ‘अथक परिश्रम’ असे दोन शब्द लिहून ते येत नाही.

इंग्लंडमधील किडरमिन्स्टर या गावचे सतराव्या शतकातील पाळक रिचर्ड बॅक्स्टर यांचे काम आपल्याला आज इतके स्पष्ट दिसते, त्याचे कारण त्यांनी ते आकड्यांत लिहून ठेवले. 1656 मध्ये त्यांनी लिहिले, की सोमवार आणि मंगळवार हे दोन दिवस सकाळपासून जवळजवळ रात्रीपर्यंत ते कुटुंबांना धर्मशिक्षण देण्यात घालवतात, आठवड्याला पंधरा-सोळा कुटुंबे होतात आणि अशा रीतीने आठशेहून अधिक कुटुंबांचा गाव वर्षभरात पूर्ण होतो. या दोन ओळींत त्या माणसाची शिस्त, चिकाटी आणि गावाविषयीची काळजी उभी राहते, एकही स्तुतिपर शब्द न वापरता. (या कामात त्यांच्या जोडीला एक मदतनीस होता, हेही तुमच्या पंचांनी जरूर वाचावे.) तुम्हीही असेच करा. मंडळीच्या नोंदवह्या मागून घ्या. बाप्तिस्मे, लग्ने आणि दफनविधी यांच्या नोंदी बाबांच्याच अक्षरात असतील. त्यांच्या काळात किती मुलांना त्यांनी हातावर घेतले आणि किती माणसांना माती दिली ते मोजा, आणि ते आकडे तसेच लिहा. प्रवचनांच्या वह्या असतील, तर कोणत्या वचनावर ते पुन्हा पुन्हा परतत होते ते पाहा. पाळकाच्या मनाचा त्याहून खात्रीचा मागोवा दुसरीकडे मिळणार नाही.

मग माणसांना भेटा. ‘पाळकसाहेब कसे होते?’ असे विचारले, की प्रत्येक जण ‘देवमाणूस होते’ म्हणेल आणि तुमच्या हाती काही लागणार नाही. त्याऐवजी ‘तुमच्या घरी ते शेवटचे कधी आले, कुठे बसले, काय म्हणाले?’ असे विचारा. उपासनेला न येणाऱ्यांनाही भेटा, मंडळीबाहेरच्या शेजाऱ्यांना भेटा, आणि ज्यांचे बाबांशी पटत नव्हते अशा एक-दोघांनाही टाळू नका. लहान गावात पाळकाशी मतभेद असलेला माणूस नेहमीच असतो, आणि पुष्कळदा त्याच्याच आठवणी सर्वांत नेमक्या असतात, कारण त्याने पाळकाकडे बारकाईने पाहिलेले असते.

येथे एक मर्यादा कसोशीने पाळावी लागेल. बाबांच्या वह्यांत, रोजनिशीत किंवा पत्रांत लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी असतील. कोणाचे व्यसन, कोणाचे मोडलेले लग्न, कोणाच्या मुलाची चूक. त्या तुम्हाला सांगितलेल्या नाहीत, पाळकाला सांगितलेल्या आहेत, आणि पाळक गेल्याने ते वचन संपत नाही. नाव वगळूनही असा प्रसंग छापू नका, कारण लहान गावात नाव वगळल्याने माणूस लपत नाही. अशा वह्या आईने स्वतः चाळाव्यात, आणि ज्यांत केवळ इतरांची दुःखे आहेत त्या नष्ट कराव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रेनर्ड यांनी आपल्या तारुण्यातील रोजनिशीचे पहिले दोन खंड स्वतःच नष्ट करायला लावले होते आणि उरलेले एडवर्ड्स यांच्या हाती दिले होते. बाबांना तशी निवड करायला वेळ मिळाला नाही, म्हणून ती आता तुम्हा दोघींना करावी लागेल.

बाबांच्या उणिवाही चरित्रात येऊ द्या, पण त्या घरच्या माणसाने सांगाव्यात तशा. ‘नाही’ म्हणणे त्यांना जमत नव्हते, हे तुमच्या पत्रावरून मला दिसते. घरच्या जेवणावरून ते किती वेळा उठून गेले, तुमच्या शाळेच्या कोणत्या समारंभाला त्यांना पोचता आले नाही, आईने किती वेळा एकटीने घर सांभाळले, यातले एक-दोन प्रसंग लिहा. पाळकाच्या सेवेची किंमत त्याचे कुटुंबही मोजत असते आणि स्मरणिकांत तिचा उल्लेख ‘पत्नीची समर्थ साथ’ या तीन शब्दांपलीकडे जात नाही. आईचे नाव, तिने केलेले काम आणि तिचे म्हणणे, शक्य असेल तर तिच्याच शब्दांत, चरित्रात असले पाहिजे. तीन आठवडे ती ‘डॉक्टरांकडे चला’ म्हणत होती, हे तर असलेच पाहिजे. नाहीतर उद्या कोणीतरी तिलाच विचारील, की तुम्ही काही केले कसे नाही.

आता रागाविषयी. तो राग खोटा नाही आणि तो पाप आहे असेही मी म्हणणार नाही. बायबलमधील ‘निर्गम’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो पाहतो, की मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करीत बसला आहे. तो त्याची स्तुती करीत नाही. हे तू करतोस ते ठीक नाही, असे तोंडावर सांगतो, हे काम तुझ्या शक्तीबाहेरचे आहे आणि अशाने तूही झिजशील व हे लोकही झिजतील, असे बजावतो. तुमच्या मंडळीत इथ्रोचे काम कोणी केले नाही, ही तुमची तक्रार रास्त आहे. मात्र बाबाही मोशेसारखे ऐकणारे नव्हते, हेही तितकेच खरे आहे. आई रोज तेच सांगत होती. दोष वाटायचाच असेल, तर तो दोन्हीकडे वाटला जाईल, आणि स्मरणिका ही त्या वाटपाची जागा नव्हे. तेथे मंडळीतील प्रत्येक घर, बाबांनी दफन केलेल्या माणसांची मुले, बाबांनी बाप्तिस्मा दिलेली बाळे मोठी झाल्यावर, सारे वाचणार आहेत.

म्हणून रागासाठी स्वतंत्र पत्र लिहा, पंचांच्या नावे, सहीनिशी, आणि ते चरित्राबरोबर एकाच दिवशी देऊ नका. त्यात आरोपांपेक्षा मागण्या असू द्या : पुढच्या पाळकाला आठवड्यातून एक पूर्ण दिवस मोकळा मिळावा आणि त्या दिवशीचे काम कोणी करायचे हे आधीच ठरलेले असावे, वर्षातून एकदा त्याची वैद्यकीय तपासणी मंडळीच्या खर्चाने व्हावी, आजारी पडल्यास प्रवचन करू शकतील अशा दोन-तीन जणांना आतापासून तयार करावे, आणि पाळक सेवेत असताना वारला, तर त्याच्या कुटुंबाला किती काळ घरात राहता येईल, तोवर वेतनाचे काय आणि पुढच्या निवासासाठी मंडळी काय करील, याचा लेखी ठराव व्हावा. चार महिन्यांत घर सोडावे लागण्याचा तुमचा अनुभव या शेवटच्या मागणीखाली सविस्तर लिहा, कारण तेथे त्याचा उपयोग होईल. नव्या पाळकाच्या कुटुंबाला ते घर लागणार होते, हे मला कळते. पण घर रिकामे करण्याची तारीख सांगायला येणाऱ्यांनी, तुम्ही कुठे जाणार, हे विचारले नसेल, तर ते चुकले आहे, आणि ते त्यांना शांतपणे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. बाबांच्या नावे भविष्य निर्वाह निधी, विमा किंवा मंडळीच्या वरिष्ठ संस्थेकडे काही रक्कम जमा होती का, याची चौकशी आईने केली नसेल, तर तीही या पत्राबरोबर लेखी करा. तोंडी आश्वासनांवर आता विसंबू नका.

चरित्राचा पहिला खर्डा पंचांना दाखवण्याआधी आईला वाचून दाखवा आणि तिला जे वाक्य नको असेल ते काढून टाका. हा अधिकार फक्त तिचा आहे. त्यानंतर पंचांनी बदल सुचवले, तर शब्द, क्रम, लांबी याबाबत मोकळेपणाने माघार घ्या. मृत्यूविषयीच्या परिच्छेदात मात्र तीन गोष्टींवर ठाम राहा : बाबांचे वय, दुखण्याचे तीन आठवडे आणि मृत्यूचे कारण. त्यांत कोणावरही आरोप नाही. तेवढेही छापायला त्यांनी नकार दिला, तर भांडू नका. स्मरणिकेसाठी छोटी जीवनरेखा द्या, तिच्याखाली आपले नाव घालू नका, आणि पूर्ण चरित्र स्वतः लिहून त्याच्या काही प्रती काढा. एक आईजवळ राहू द्या, एक बाबांच्या भावंडांना द्या, आणि एक मंडळीच्या नव्या पाळकांना स्वतः नेऊन द्या.